भिंतीचा ताप बघणारी अक्का

अक्का, तुझा जलदान विधी होऊन गेला. मुखेडकडून गावची माणसं आली, तुझ्या दवाखान्यातल्या नर्स आल्या, भन्तेजी येऊन गेले. सगळ्यांनी मला एकच विचारलं, नेमकं झालं काय? मी सांगत राहिलो, हार्ट. सांगायला सोपा शब्द आहे. समोरचा मान हलवतो आणि पुढं काही विचारत नाही. पण गल्लीत हा शब्द काढला की कुणी मान हलवत नाही. गल्लीचं म्हणणं वेगळं आहे. गल्ली म्हणते, सिस्टरबाई उन्हानं गेल्या.

तुझ्या घरात मला बसवत नाही. आत येतो, पाणी पितो, बाहेर जातो, कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन परत येतो. लातूरला माझं एसीचं दुकान बंद आहे, तेही मे महिन्यात. या एका महिन्यावर माझं सगळं वर्ष चालतं. बायको रोज विचारते, कधी येता? मी रोज उद्या म्हणतो. तुझं-माझं भांडण अर्ध्यात राहिलंय, ते तसंच टाकून एसटीत बसायला पाय उचलत नाही. म्हणून लिहितोय. तू ऐकणार नाहीस हे कळतंय मला. तशीही तू पूर्ण कधी ऐकायचीस?

आपलं भांडण एसीवरून सुरू झालं. माय गावात पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तू तिला नांदेडला तुझ्याकडं आणलंस. भाऊजी गेल्यापासून तू एकटीच होतीस, पोरगी पुण्याला, मायला जागा होती. पण तुझी ती खोली पश्चिमेची. दुपार कलली की भिंत तापायची आणि निजेपर्यंत निवायची नाही. माय कुशीवर वळू शकत नव्हती. पाठीला घामोळं, अंथरूण ओलं. मी एसी विकणारा माणूस, आणि माझी माय घामात पडलेली. लातूरहून टेम्पोत मशीन घालून आणलं, माणूस न बोलावता स्वतः बसवलं. त्या दुपारी माय किती दिवसांनी शांत झोपली. तू तिच्या उशाशी बसून तिच्या कपाळाला हात लावून बघितलंस. मला वाटलं, चला, अक्कानं पहिल्यांदा माझ्या धंद्याला मान दिला.

आठवडाही झाला नाही तर तुझा फोन. "मिलिंदा, हे काढून ने."

मी आलो. तू मला घेऊन समोर शमीमबीच्या घरात गेलीस. तुमची गल्ली एवढी अरुंद की एका दारातून दुसऱ्या दारात चहाचा कप हातोहात द्यावा. शमीमबी खिडकीपाशी शिलाई मशीन ठेवून ब्लाउज शिवते, कारण त्या घरात उजेड तेवढ्याच खिडकीतून येतो. आणि माझ्या एसीचं बाहेरचं धूड, आऊटडोअर, बरोबर त्या खिडकीवर गरम हवा फुंकत होतं. तिनं खिडकीला ओलं पोतं लावलं होतं. तक्रार तिनं केलीच नव्हती. तुला ते पोतं दिसलं होतं.

"हितं उभा राहा," तू म्हणालीस.

उभा राहिलो. ती हवा मला नवी नव्हती, माझं आयुष्य त्या हवेच्या मागं उभं राहण्यात गेलंय. मी तुला समजावायला लागलो की मशीन गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं आणि स्वतःची थोडी त्यात घालतं, ती कुठंतरी जाणारच.

"कुठंतरी म्हंजे हिच्याच तोंडावर का?"

शमीमबी बिचारी मध्ये पडली. म्हणाली, राहू द्या सिस्टर, तुमच्या आईचं वय झालंय, मी माझं शिलाई मशीन आत सरकवते. मला वाटलं, मिटलं. तुला तसं वाटलं नाही. मायला गारवा पाहिजे हे तुला मान्य होतं, ते तू कधीच नाकारलं नाहीस. पण तो शमीमबीकडून काढून घ्यायचा नाही, यावर तू अडून बसलीस. शेवटी मी ते धूड स्लॅबवर नेलं. पाईप लांबला, वर ऊन, मशीनला जास्त राबावं लागणार, बिल वाढणार, हे सगळं मी तुला बजावून सांगितलं. तू म्हणालीस, मग त्याच्यावर सावली कर. मी बांबूच्या तट्ट्यांचा मांडव केला. खाली उतरलो तर तू स्लॅबकडं बघत उभी. म्हणालीस, हा स्लॅबच पांढरा करायचा, पांढऱ्यावर ऊन ठरत न्हाई.

तिथून सगळं सुरू झालं. नाही, तिथून नाही. त्याआधीच सुरू झालं असणार. भिंतीला हात लावायची तुझी सवय मी बरीच आधी पाहिली होती. दिवेलागणीला तू गल्लीतून जायचीस तेव्हा हाताची मागची बाजू भिंतीला टेकवत जायचीस, तापलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवावी तशी. लोक हसायचे. मीही हसलो होतो. तेव्हा तू मला सांगितलंस की आपल्या गावात सूर्य गेला की भिंत लवकर निवते, पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. आणि इथं नांदेडात दूध आणायला उठावं तरी भिंत कोमट. ऊन तेच, आकाश तेच. मग हे जास्तीचं कुठून येतं? तूच उत्तर द्यायचीस. सिमेंट दिवसभर पितं आणि रात्रभर ओकतं. माती उरली नाही. घराला घर चिकटलं, वाऱ्याला वाट नाही. आणि वर तुझी मशीनं.

मी म्हणालो होतो, गावात तरी कुठं मातीच्या छताची माळवदं राहिलीत, तिथंही पत्रेच आलेत. तू म्हणालीस, हाव, म्हणून गाव बी तापून राहिलंय.

तुझ्या वॉर्डातल्या गोष्टी मला आवडायच्या नाहीत. पण एक डोक्यातून जात नाही. तू म्हणायचीस, उन्हाचे पेशंट भर दुपारी येतात असं लोकांना वाटतं. खरे बिघडलेले सकाळी येतात. दिवसाचं ऊन माणूस कसंबसं सोसतो. रात्री घरानं अंग निवू दिलं नाही की दुसऱ्या दिवशी पडतो. तुझ्यासाठी घर म्हणजे औषध नाहीतर दुखणं होतं, मधलं काही नव्हतं.

मग तुझा चुना. सुट्टीच्या दिवशी बादली आणि झाडू घेऊन तू दुसऱ्यांच्या स्लॅबवर चढायला लागलीस. चुन्यात गोंद कालवायचा म्हणजे पहिल्या पावसात वाहून जात नाही, हेही तू कुणाला तरी विचारून आलीस. पलीकडच्या तीन मजली घरवाल्यानं तक्रार केली की पांढरं त्याच्या डोळ्यांवर येतं. पत्र्याच्या घरातल्या बायका म्हणाल्या, आमचा पत्रा गंजलेला, त्याला काय गोरा करता. तू दारोदार फिरलीस. मी फोनवर म्हणालो होतो, "अक्का, नोकरी संपत आली आणि आता लोकांना चुना लावून राहिलीस का?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. नंतर तू हा विनोद स्वतःच्या नावावर सगळ्या दवाखान्यात सांगितलास म्हणे. काल तुझ्या मैत्रिणींनी मला सांगितला. मी त्यांना तो माझा आहे असं सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी मायच्या खोलीत आलो तेव्हा मशीन बंद होतं आणि माय पंख्याखाली झोपली होती. मी रिमोट उचलला. तू म्हणालीस, असू दे, भर दुपारी लावते, आता लागत न्हाई. मी छताला हात लावायला स्टुलावर चढलो. खरं सांगतो, फरक होता. मी तुला तेव्हा ते कबूल केलं नाही, कारण तू खाली उभी राहून माझ्या तोंडाकडंच बघत होतीस.

कोपऱ्यावरच्या लिंबासाठी तू केलेलं भांडण मी पाहिलं नाही, ऐकलं. गल्लीचा रस्ता सिमेंटचा होणार म्हणून सगळे खूश. ठेकेदाराची माणसं थेट बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायला निघाली. तू त्यांच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिलीस. ड्युटीचा पांढरा ड्रेस अंगावर, म्हणून त्यांना वाटलं कुणी सरकारी बाई आलीय. त्यांनी बुंध्याभोवती माती सोडली, चार माणसं उकिडवी बसतील एवढी. तू मला हे मोठ्या तोऱ्यात सांगितलंस आणि मी म्हणालो, झाडांनी गावं थंड होत असती तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं.

"पडू दे की बंद," तू म्हणालीस.

ते मला लागलं. किती आठवडे मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. नंतर मी आलो तेव्हा भांडायची तयारी करूनच आलो. आणि अक्का, त्या दिवशी मी जे बोललो ते मला आजही खरं वाटतं. मी म्हणालो, मोठ्या बंगल्यांत गारवा येऊन जमाना झाला. तेव्हा कुणी शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार केला नाही. आता कुठं रिक्षावाला, चपराशी, पत्र्याच्या घरातला माणूस हप्त्यानं मशीन घ्यायला माझ्या दारात येतोय. लातुरात कूलर लावावा तर पाणी नाही. त्याच्या घरात तान्हं लेकरू आहे. आणि तू मला सांगतेस, त्याला म्हण की शेजाऱ्याचा विचार कर? गरिबानंच दर वेळी का विचार करायचा?

तू उठलीस. चहा ठेवलास, मायला उठवून बसवलंस, तिचे केस विंचरलेस. मला वाटलं जिंकलो. जिंकल्यासारखं वाटलं मात्र नाही.

बऱ्याच दिवसांनी, तू रिटायर झाल्यावर, एकदा मायच्या गोळ्यांबद्दल बोलता बोलता मध्येच म्हणालीस, "मिलिंदा, तुझं त्या दिवशीचं बरोबर हाय. पण..." आणि दारात कुणीतरी आलं, तू फोन ठेवलास. मी नंतर विचारलंच नाही. या आठवड्यात मी त्या 'पण'च्या पुढं किती वाक्यं लावून पाहिली. पण आधी सावली द्या, मग मशीन द्या. पण मशीन एका घराचं नको, एका मोठ्या हॉलचं घ्या, सगळ्यांना बसता येईल असं. पण तू तरी विकताना सांग. यातलं एकही तुझं वाटत नाही. तुझं वाक्य याहून छोटं असणार.

आता तू गेलीस त्या दिवसाचं. मी ते शमीमबीकडून ऐकलंय, मायकडून ऐकलंय, आणि दोन्ही पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय.

सकाळीच गल्लीची विजेची डीपी जळाली. गल्लीतली मशीनं, पंखे, सगळं बंद. तू मला फोन केलास. मायला विहारात नेते म्हणालीस. विहाराचा हॉल उंच आहे, दोन्ही बाजूंनी जाळ्या आहेत, आणि त्याचं छत गेल्या वर्षी तूच पांढरं करून घेतलं होतंस. मी म्हणालो, गाडी पाठवतो, मायला घेऊन लातूरला निघून ये. तू म्हणालीस, "मायची काळजी तू करू नको, ती माझ्याजवळ हाय. दुपारी फोन नको करू, मी कामात हाय."

मी केला नाही. दुकानात गर्दी होती.

मायला रिक्षानं पोचवून, तिच्या अंगावर ओली चादर घालून, तू परत आलीस. पत्र्याच्या घरांमधून म्हातारी माणसं काढायला लागलीस. शमीमबी तुझ्याबरोबर होती. काहींना हात धरून, काहींना रिक्षात. एक म्हातारा घर सोडायला तयार नव्हता, त्याच्याशी तू उन्हात उभी राहून हुज्जत घातलीस. दुपार चढल्यावर शमीमबीला तुझा चेहरा बरा वाटेना. लाल होता आणि कोरडा होता. तिनं तुला थांबायला सांगितलं. तू म्हणालीस, एक घर राहिलंय. ते घर झालं. मग म्हणालीस, अजून एक हाय. त्या घराच्या दारात तू शमीमबीला "माय" म्हणून हाक मारलीस आणि तिला कळलं. तिनं बादलीभर पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं, बर्फ आणायला लावला, रिक्षात तुझं डोकं मांडीवर घेऊन वारा घालत तुझ्याच दवाखान्यात नेलं. तूच गल्लीतल्या बायकांना शिकवलं होतंस ना सगळं? आधी गार करा, मग धावा. त्यांनी तसंच केलं. संध्याकाळी तू गेलीस.

मला तुझा राग येतो. रडायला येत नाही एवढा राग येतो. घाम थांबला की धोका, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तू पाठ करून ठेवलं होतंस. तुझा घाम कधी थांबला हे तुला कळलं नाही? तुला? इतकी वर्षं दुसऱ्यांचं अंग चाचपून बघणाऱ्या बाईनं एकदा स्वतःच्या कपाळाला हात लावायचा होता. सगळे म्हणतात, सिस्टरबाई लोकांसाठी गेल्या. हार घालताना म्हणतात, फोटोपुढं मेणबत्ती लावताना म्हणतात. मला तो शब्द ऐकवत नाही. तू लोकांसाठी राहायला हवी होतीस.

ज्यांना तू हॉलमध्ये नेलंस ते सगळे जिवंत आहेत. तो हुज्जत घालणारा म्हातारा काल जेवायला होता. त्यानं बुंदी पुन्हा मागून घेतली. मी त्याला वाढली. मग मागच्या दारी जाऊन उभा राहिलो.

मी दवाखान्यात जाऊन आलो, हे तुला सांगायचं राहिलं. तुझ्या हाताखाली सलाईन लावायला शिकलेला तो तरुण डॉक्टर आहे ना, त्याला भेटलो. हार्ट का लिहिलंत, ऊन का नाही लिहिलं, असं विचारलं. मी भांडायलाच गेलो होतो. त्यानं मला खुर्ची दिली. म्हणाला, सिस्टरना आणलं तेव्हा बर्फानं अंग गार झालेलं होतं, थर्मामीटरवर ताप दिसला नाही, त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं.

"भाऊ, मला बी तेच वाटतंय जे तुम्हाला वाटतंय. पण मी जे मोजलं तेच लिहू शकतो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे सुजले होते. म्हणजे शमीमबीनं तुला वाचवायला जे केलं, त्यानंच तुझ्या मरणाचं कारण पुसलं गेलं. यात कुणावर चिडायचं मला कळेना. मी उठलो आणि उन्हातच चालत घरी आलो. अशी किती माणसं हार्ट म्हणून गेली असतील? तू वॉर्डातून येऊन म्हणायचीस, शेवटी सगळ्यांचंच हार्ट बंद पडतं, त्यात काय लिहायचं. तेव्हा मला तो तुझा तिरकसपणा वाटायचा.

आणि माय. मायला आम्ही सांगितलं. ती रडली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. विधीच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "माझ्यापायी गेली का रं?" मी म्हणालो, न्हाई माय. ती म्हणाली, "मंग कुणापायी?" तू काय सांगितलं असतंस? मी इथं असा येरझाऱ्या घालतोय त्याला हेही एक कारण आहे. उन्हापायी म्हणावं तर ऊन आपल्या बापजाद्यांनीही सोसलं. सिमेंटपायी, जळालेल्या डीपीपायी, माझ्या मशीनपायी, तुझ्या हट्टापायी? थोडं थोडं सगळ्यांचं असेल. पण थोड्या थोड्याचं नाव मायला कसं सांगायचं?

मी तिला लातूरला चल म्हणालो. ती नाही म्हणते. शमीमबी दिवसातून चार वेळा येऊन बघते, तिला तेवढं पुरतं म्हणते. तुझी पोरगी पुण्याहून आलीय, ती अजून काही ठरवण्याच्या अवस्थेत नाही. एसी अजून आहे. मी काढणार नाही. यावर मी तुझ्याशी अजूनही भांडायला तयार आहे.

आता आजचं सांगतो, मग थांबतो. आज सकाळी पुन्हा लाईट गेली. मी ओट्यावर होतो. मनात म्हटलं, आता कुणाला सांगायचं, कुठून सुरू करायचं? तेवढ्यात शमीमबी विहाराची किल्ली घेऊन गल्लीतून जाताना दिसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मागून दोन बायका पाण्याचे माठ घेऊन. मायनं आतून हाक मारली, मला उठीव म्हणून. मी मायला नेलं. मग शेजाऱ्याची मोटारसायकल काढली आणि पत्र्याच्या घरांकडं गेलो. किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. थांबलो असतो तर विचार करावा लागला असता. दुपारी हॉलच्या पायरीशी गाडी लावताना डोळ्यांपुढं क्षणभर अंधारलं. मी कठडा धरला. परत किक मारणार तर शमीमबी समोर.

"भाऊ, बसा आता."

मी म्हणालो, एक घर राहिलंय.

तिनं गाडीची चावी काढून घेतली. आवाज अजिबात चढवला नाही. "सिस्टर बी हेच म्हणल्या होत्या. बसा."

हॉलमध्ये गल्लीतली म्हातारी माणसं होती, माय त्यांच्यात टेकून बसली होती. मी भिंतीशी जाऊन बसलो. कुणीतरी माझ्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला. कोण होतं बघितलं नाही. बाहेर दोघंजण त्या राहिलेल्या घराकडं निघून गेले आणि थोड्या वेळानं आतल्या म्हातारीला धरून घेऊनही आले.

मी बसलो, अक्का, आणि ते घर राहिलं नाही. दुसऱ्या कुणालाही जाता येतं. एवढंच तुला सांगायचं होतं.